निवडणुका होत असतानाही लोकशाही घसरते कशी?

२०२४ या एका वर्षात जगातल्या साठहून अधिक देशांमध्ये राष्ट्रीय पातळीवरच्या निवडणुका झाल्या. जगाची जवळपास निम्मी लोकसंख्या या देशांत राहते. एवढं मतदान होऊनही ‘फ्रीडम हाउस’ या अमेरिकी संस्थेनं २०२५ च्या अहवालात लिहिलं की जगातलं स्वातंत्र्य सलग १९ व्या वर्षी घटलं आहे. अशी बातमी वाचली की माणूस गोंधळतो. मतदान होतंय, निकाल लागतोय, सरकारं बनतायत, मग घटलं काय?

उत्तराचा एक भाग सोपा आहे. मार्च २०२४ मध्ये रशियात अध्यक्षपदाची निवडणूक झाली आणि पुतिन यांना ८७ टक्क्यांहून अधिक मतं मिळाल्याचं जाहीर झालं. त्यांचे सर्वांत ठळक विरोधक अलेक्सी नवाल्नी महिनाभर आधीच तुरुंगात मरण पावले होते. तिथे निवडणुकीचा नुसता देखावा आहे हे कुणालाही कळतं. त्यामुळे त्याबद्दल इथे फार लिहीत नाही.

अवघड भाग वेगळाच आहे. काही देशांत मतपेटीत खरंच खरी मतं पडतात, विरोधक उभे राहतात, न्यायालयं चालू असतात, वर्तमानपत्रं निघतात आणि तरीही पाच-दहा वर्षांत सत्तेवरच्या माणसाला हटवणं जवळजवळ अशक्य होऊन बसतं. यातलं बहुतेक सगळं कायद्याच्या चौकटीत घडतं. म्हणूनच हा प्रश्न वकिलांपुरता राहत नाही, तो नीतीचा होतो.

## आधी पाया पक्का करू

लोकशाहीची शाळेत शिकवलेली व्याख्या म्हणजे लोकांनी राज्यकर्ते निवडणं. पण निवडण्याइतकंच महत्त्वाचं आहे ते त्यांना काढता येणं. ज्याला पुढच्या वेळी हरवता येणार नाही, त्याला या वेळी निवडून देण्यात फारसा अर्थ उरत नाही. तिसरी गोष्ट बरेचदा विसरली जाते. निवडणूक झाल्यावर हरलेल्यांनाही त्याच देशात, त्याच हक्कांनिशी राहायचं असतं.

या तिन्ही गोष्टी टिकायच्या, तर जिंकणाऱ्यानं हातात असलेली सगळी ताकद वापरायची नसते. हे कुठल्याही कायद्यात पूर्णपणे लिहून ठेवता येत नाही. दोन भावांत वाटणी करायची असेल तर जुनी युक्ती आहे: एकानं वाटे पाडायचे आणि दुसऱ्यानं आधी उचलायचा. वाटे पाडणाऱ्याला ठाऊक असतं की मोठा वाटा आपल्याकडेच येईल याची खात्री नाही, म्हणून तो सरळ वाटे पाडतो. लोकशाहीत नियम करणाऱ्याची स्थिती अशीच असायला हवी. नियम आज आपण करतो आहोत, पण उद्या त्या नियमांखाली आपण विरोधी बाकावर बसलेले असू शकतो. म्हणून कुठलाही निर्णय तपासायला एक प्रश्न पुरेसा आहे: हीच सत्ता उद्या माझ्या विरोधकाच्या हातात गेली, तर हा नियम मला चालेल का?

या संयमाला घटनात्मक नैतिकता म्हणतात. कायद्याच्या शब्दांबरोबर त्याचा हेतूही पाळायचा, एवढाच त्याचा अर्थ. भारताच्या संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याबद्दल बोलताना सांगितलं होतं की ही भावना माणसात उपजत नसते, ती जोपासावी लागते. त्याच भाषणात त्यांनी आणखी एक इशारा दिला होता. संविधानाचा एक शब्दही न बदलता, नुसती कारभाराची पद्धत बदलून संविधानाचा आत्मा बिघडवता येतो. आज जगभरातले अभ्यासक जे मोठमोठ्या अहवालांमधून सांगतात, ते या एका वाक्यात आलेलं आहे, असं मला वाटतं.

## कायदा न मोडता काय काय करता येतं?

हंगेरीत २०१० मध्ये व्हिक्टर ओर्बान यांच्या फिदेस पक्षाला सुमारे ५३ टक्के मतं आणि संसदेत दोन तृतीयांश जागा मिळाल्या. निवडणूक खरी होती, विजयही खरा होता. दोन तृतीयांश जागांच्या जोरावर त्यांनी नवं संविधान केलं आणि ते १ जानेवारी २०१२ पासून लागू झालं. न्यायाधीशांच्या निवृत्तीचं वय ७० वरून एकदम ६२ वर आणलं. वरकरणी हा प्रशासकीय बदल, पण त्यामुळे दोनशेहून अधिक अनुभवी न्यायाधीशांना घरी जावं लागलं आणि त्यांच्या जागा भरायला मिळाल्या. युरोपीय संघाच्या न्यायालयानं नोव्हेंबर २०१२ मध्ये हा बदल बेकायदा ठरवला. तोवर मोक्याच्या खुर्च्यांवर नवी माणसं बसली होती.

मग संसदेच्या जागा ३८६ वरून १९९ केल्या, मतदारसंघ नव्यानं आखले आणि ते बदलायचे तर दोन तृतीयांश मतं लागतील अशी तरतूद केली. २०१४ मध्ये फिदेसची मतं ४५ टक्क्यांच्या आसपास घसरली, पण जागा १९९ पैकी १३३, म्हणजे पुन्हा दोन तृतीयांशच. कुणी मतपेटी पळवली नव्हती.

पोलंडचं उदाहरण जरा थांबून पाहण्यासारखं आहे. तिथलं घटना न्यायालय १५ न्यायाधीशांचं असतं आणि त्यांना संसद निवडते. २०१५ च्या शेवटी ‘कायदा आणि न्याय’ हा पक्ष सत्तेवर आला. जुन्या संसदेनं निवडलेल्या न्यायाधीशांना राष्ट्राध्यक्षांनी शपथच दिली नाही. नव्या संसदेनं आपले न्यायाधीश निवडले आणि ३ डिसेंबरला न्यायालय या वादावर निकाल देणार होतं, त्याच्या आदल्या रात्रीतून त्यांचा शपथविधी उरकला. पुढे मार्च २०१६ मध्ये घटना न्यायालयानं सरकारच्या विरोधात निकाल दिला, तेव्हा सरकारनं तो निकाल राजपत्रात छापायलाच नकार दिला. पोलंडमध्ये निकाल राजपत्रात आल्याशिवाय अमलात येत नाही. छापण्याचं काम सरकारकडे असतं, कारण ते कारकुनी काम आहे आणि कुणी त्यात अडवणूक करील असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. निदर्शक पंतप्रधान कार्यालयाबाहेर जमले आणि त्यांनी निकालाचा मजकूर प्रकाशझोतानं त्याच इमारतीच्या भिंतीवर उमटवला. सरकार छापत नाही, तर निदान लोकांना वाचता तरी यावा.

संविधान लिहिणाऱ्यांनी ‘निकाल छापलाच पाहिजे, नाही छापला तर अमुक होईल’ असं का लिहून ठेवलं नाही, असं कुणी विचारेल. पण अशा किती गोष्टी लिहिणार? कारभारातल्या हजारो साध्या कामांमागे माणसं ती सरळपणे करतील हा विश्वास असतो. तो मोडायचाच ठरवला, तर कितीही कलमं घाला, एखादी फट राहतेच.

## ‘सगळेच असं करतात, मग आम्हीच का थांबायचं?’

हा आक्षेप खोटा नाही. पोलंडच्याच गोष्टीची सुरुवात पाहा. ऑक्टोबर २०१५ मध्ये मुदत संपत आलेल्या संसदेनं, म्हणजे आधीच्या सत्ताधाऱ्यांनी, पाच न्यायाधीश निवडले होते. त्यांना तीनच निवडण्याचा अधिकार होता. उरलेल्या दोघांच्या जागा नव्या संसदेच्या काळात रिकाम्या होणार होत्या. जाता जाता दोन जागा पदरात पाडून घ्याव्यात, हा मोह त्यांना आवरला नाही. घटना न्यायालयानंच पुढे सांगितलं की तीन निवडी वैध आणि दोन अवैध. म्हणजे पहिली फट ‘लोकशाहीवादी’ म्हणवणाऱ्यांनीच पाडली. नंतर आलेल्यांनी त्या फटीतून भिंतच पाडली. दोघांचा दोष सारखा नाही, हे ठामपणे म्हणायला हवं. पण पहिल्यानं निमित्त पुरवलं, हेही लपवू नये.

असाच प्रकार अमेरिकेत ताजा आहे. तिथे बऱ्याच राज्यांत मतदारसंघांच्या सीमा राज्याचं विधिमंडळच आखतं, म्हणजे सत्तेवरचा पक्ष. विरोधकांची मतं एकाच मतदारसंघात कोंबायची किंवा अनेक मतदारसंघांत विखरून टाकायची, की तेवढ्याच मतांत जागा वाढतात. २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पक्षीय फायद्यासाठी केलेल्या अशा आखणीत संघराज्याची न्यायालयं पडणार नाहीत. एरवी ही आखणी दर दहा वर्षांच्या जनगणनेनंतर होते. २०२५ मध्ये टेक्सासनं मधेच नवा नकाशा केला, रिपब्लिकन पक्षाला पाच जागा वाढाव्यात म्हणून. त्याला उत्तर म्हणून डेमोक्रॅटिक पक्षाचं वर्चस्व असलेल्या कॅलिफोर्नियानं स्वतंत्र आयोगानं केलेला नकाशा तात्पुरता बाजूला ठेवायचा प्रस्ताव आणला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथल्या मतदारांनी तो मंजूर केला.

कॅलिफोर्नियानं काय करायला हवं होतं? एकट्यानं नियम पाळायचे आणि समोरच्याला मोकळं रान द्यायचं, हा शहाणपणा नाही. पण जशास तसं करत गेलं, तर दोन्ही राज्यांतल्या अल्पसंख्य पक्षाच्या मतदाराचं मत निकामी होतं. टेक्सासमधला डेमोक्रॅट आणि कॅलिफोर्नियातला रिपब्लिकन, दोघांनीही काहीच गुन्हा केलेला नाही. माझं मत विचाराल तर प्रतिकार करताना दोन गोष्टी पाळल्या तर तो निदान समर्थनीय ठरतो: तो उघडपणे, लोकांना विचारून केलेला असावा आणि त्याला शेवटची तारीख असावी. कॅलिफोर्नियानं या दोन्ही पाळल्या. तरीही त्यात नुकसान नाही असं म्हणता येत नाही.

पोलंडमध्ये डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा सत्तांतर झालं, तेव्हा नव्या सरकारपुढे हाच पेच उभा राहिला. सरकारी दूरचित्रवाणी आधीच्या पक्षाच्या प्रचाराचं साधन झाली होती. ती सोडवण्यासाठी नव्या सरकारनं प्रसारणाच्या कायद्याचा मार्ग सोडून कंपनी कायद्यातल्या अधिकारांचा आधार घेतला आणि संचालक मंडळंच बदलली. सत्तांतराचं स्वागत करणाऱ्या काही कायदेतज्ज्ञांनीही या पद्धतीवर शंका घेतली. वाकवलेली संस्था सरळ करताना आणखी एक वाकडा पायंडा पडतो आहे का, हा तो प्रश्न. त्याचं साधं उत्तर कुणाकडेच नाही.

## ‘बहुमतानं ठरवलं, मग त्यात चूक काय?’

स्वित्झर्लंडला लोकशाहीचं माहेरघर म्हणतात. तिथे मोठमोठे प्रश्न सार्वमतानं सुटतात. १ फेब्रुवारी १९५९ रोजी तिथे सार्वमत झालं: स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकांत मताधिकार द्यावा का? मत द्यायचा हक्क फक्त पुरुषांना होता. सुमारे ६७ टक्के पुरुषांनी ‘नाही’ म्हटलं. मतमोजणीत काही घोळ नव्हता. प्रक्रिया चोख होती, निकालही स्पष्ट होता. आणि तो अन्यायाचा होता, कारण ज्यांच्या हक्काचा प्रश्न होता त्यांना मतदानकेंद्राबाहेर ठेवून तो सोडवला गेला. स्विस स्त्रियांना राष्ट्रीय मताधिकार मिळाला तो १९७१ मध्ये.

गोष्ट तिथेही संपली नाही. आपेनझेल इनररोडन नावाच्या छोट्याशा प्रांतात लोक वर्षातून एकदा चौकात जमतात आणि हात वर करून प्रांताचे निर्णय घेतात. मताधिकाराची खूण म्हणून पुरुष कमरेला तलवार लावून येतात. एप्रिल १९९० मध्ये त्या चौकातल्या पुरुषांनी स्त्रियांना प्रांतिक मताधिकार द्यायला पुन्हा नकार दिला. १९९० मध्ये! शेवटी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल देऊन तो हक्क मिळवून दिला.

बहुमत हे वाद मिटवण्याचं उत्तम साधन आहे. कर किती घ्यायचा, रस्ता कुठून न्यायचा, कुठल्या खात्याला किती पैसा द्यायचा, हे बहुमतानंच ठरावं. पण कोण माणूस मानायचा आणि कोणाला बरोबरीचा हक्क द्यायचा, हे हात वर करून ठरवता येत नाही. आधीचा प्रश्न इथेही लावून पाहा. चौकातल्या पुरुषांना जर सांगितलं असतं की उद्या फक्त स्त्रिया हात वर करणार आहेत आणि पुरुषांच्या मताधिकाराचा निर्णय घेणार आहेत, तर त्यांना ते चाललं असतं का?

यावर लगेच प्रतिप्रश्न येतो की मग न निवडून आलेले न्यायाधीश लोकांच्या इच्छेला कसे काय रोखतात. प्रश्न योग्य आहे आणि न्यायालयं दैवी नसतात हे मान्यच करायला हवं. तीही झुकतात, घाबरतात, कधी स्वतःच सत्तेचं हत्यार होतात. त्याचं उदाहरण पुढे येतंच आहे. पण न्यायाधीशाचं काम बहुमताच्या जागी राज्य करण्याचं नाही. बहुमतानं आपल्याच जाहीर केलेल्या मर्यादा ओलांडल्या की तसं सांगण्याचं आहे. आणि न्यायालयाच्या निर्णयाची कारणं लेखी द्यावी लागतात, ती कुणालाही वाचता येतात, त्यावर टीका करता येते.

मतपेटीबाहेर राहिलेला आणखी एक वर्ग आहे, तो म्हणजे अजून जन्माला न आलेली माणसं. आजचं कर्ज आणि आजचं प्रदूषण त्यांच्या माथी जाणार, पण त्यांचं मत नाही. वेल्सनं २०१५ मध्ये भावी पिढ्यांच्या कल्याणासाठी कायदा करून त्यासाठी एक आयुक्त नेमला. उपाय लहान आहे, पण प्रश्न मान्य तरी झाला.

## ‘कामं होतायत ना? मग बाकीचं जाऊ द्या’

मला सगळ्यांत अवघड वाटतो तो हा आक्षेप, कारण तो भरल्यापोटी गप्पा मारणाऱ्यांचा नसतो. एल साल्वादोर हा मध्य अमेरिकेतला छोटा देश. २०१५ मध्ये तिथे दर लाख लोकांमागे वर्षाला शंभरहून अधिक खून होत होते. टोळ्या वस्त्यांवर राज्य करत, दुकानदारांकडून खंडणी घेत, मुलांना ओढून नेत. नायिब बुकेले अध्यक्ष झाले आणि मार्च २०२२ मध्ये त्यांनी आणीबाणीसारखी स्थिती जाहीर करून ऐंशी हजारांहून अधिक लोकांना तुरुंगात टाकलं. सरकारी आकडेवारीनुसार २०२४ मध्ये खुनांचं प्रमाण लाखामागे दोनच्याही खाली आलं. संध्याकाळी मुलं पुन्हा बाहेर खेळू लागली. ज्या आईचा मुलगा त्यामुळे जिवंत आहे, तिला घटनात्मक नैतिकतेचे धडे देण्याचा अधिकार दूर बसलेल्या कुणालाही नाही.

पण या हिशेबाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. १ मे २०२१ रोजी बुकेले यांच्या पक्षाच्या नव्या संसदेनं पहिल्याच दिवशी घटनापीठाचे पाच न्यायाधीश आणि महाधिवक्ता यांना काढून टाकलं. त्यांच्या जागी आलेल्या न्यायाधीशांनी चारच महिन्यांत निर्णय दिला की अध्यक्षांना लागोपाठ दुसऱ्यांदा उभं राहता येईल. संविधानाचा तोवरचा अर्थ याच्या उलट होता. २०२४ मध्ये ते ८० टक्क्यांहून अधिक मतांनी पुन्हा निवडून आले आणि जुलै २०२५ मध्ये संसदेनं कितीही वेळा निवडून येण्याची मुभा दिली. दरम्यान तुरुंगात टाकलेल्यांपैकी सुमारे आठ हजार लोक निर्दोष निघाले आणि त्यांना सोडलं, असं खुद्द बुकेले यांनीच २०२४ मध्ये सांगितलं.

ते आठ हजार सुटले ते सरकारच्या मर्जीनं. आणखी कोण निर्दोष आत आहे, हे ठरवणारी स्वतंत्र जागा आता देशात उरलेली नाही. आज अध्यक्ष लोकप्रिय आहेत, म्हणून लोकांना त्याची गरज वाटत नाही. पण समजा दहा वर्षांनी भ्रष्टाचार वाढला, किंवा टोळ्यांशी आतून तडजोड झाली. ते छापणार कोण, चौकशी करणार कोण, आणि त्यांना हटवणार कसं? टोळ्या मोडण्यासाठी न्यायाधीश काढण्याची गरज होती, असं अजून कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

## पैशाचं काय?

निवडणूक लढवायला पैसा लागतो आणि देणारा काही ना काही अपेक्षेनं देतो. त्यातली नीतीची किमान अट एकच आहे: कुणी कुणाला किती दिलं हे मतदाराला कळलं पाहिजे. भारतात २०१८ पासून चाललेली निवडणूक रोख्यांची योजना याच मुद्द्यावर पडली. त्यात देणगीदाराचं नाव मतदारापासून लपलेलं राही. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी एकमतानं ती घटनाबाह्य ठरवली, कारण तिनं मतदाराचा माहितीचा हक्क डावलला होता. अमेरिकेत उलट चित्र आहे. २०१० च्या एका निकालानंतर तिथे कंपन्या आणि संघटनांना, उमेदवारापासून स्वतंत्र राहून, प्रचारावर हवा तेवढा खर्च करता येतो. २०२४ च्या निवडणुकीत इलॉन मस्क या एका माणसानं ट्रम्प यांच्या बाजूनं २५ कोटी डॉलरहून अधिक खर्च केला. तो आकडा जाहीर आहे. पण एक माणूस एक मत हे तत्त्व अशा आकड्यासमोर केवढंसं वाटतं! नावं उघड करणं आवश्यक आहे, पुरेसं नाही.

## खोटं कोणी थांबवायचं?

सप्टेंबर २०२३ मध्ये स्लोव्हाकियात मतदानाला दोनेक दिवस उरले असताना एक ध्वनिफीत पसरली. त्यात ‘प्रोग्रेसिव्ह स्लोव्हाकिया’ या उदारमतवादी पक्षाचे नेते मिखाल शिमेचका निवडणुकीत गैरप्रकार कसे करायचे यावर बोलताना ऐकू येत होते. आवाज संगणकानं बनवलेला होता. अशा बनावट आवाजाला किंवा चित्रफितीला डीपफेक म्हणतात. मतदानापूर्वीची प्रचारबंदी लागू असल्यामुळे माध्यमांना त्यावर मोकळेपणानं बोलताही येत नव्हतं. शांततेचा नियम खोटेपणाच्या कामी आला. त्या फितीनं निकाल फिरला का, हे कुणी सिद्ध केलेलं नाही. पण पुढच्या वेळी एखाद्या नेत्याची खरीखुरी फीत बाहेर आली, तर ‘हे बनावट आहे’ म्हणून तो हात झटकू शकेल. हे नुकसान मला जास्त मोठं वाटतं.

मग सरकारनं किंवा न्यायालयानं हस्तक्षेप करावा का? रोमानियानं तो केला. २४ नोव्हेंबर २०२४ रोजी अध्यक्षपदाच्या पहिल्या फेरीत कालिन जॉर्जेस्कू हे फारसे माहीत नसलेले उमेदवार सुमारे २३ टक्के मतं घेऊन पहिले आले. प्रचारावर आपण काहीच खर्च केला नाही असं त्यांनी जाहीर केलं होतं. टिकटॉकवर मात्र त्यांचा धडाक्यात प्रचार चालू होता. गुप्तचर खात्यांच्या कागदपत्रांत संघटित मोहिमेचा आणि परकीय हाताचा संशय होता. दुसऱ्या फेरीला दोन दिवस उरले असताना, परदेशातल्या रोमानियन नागरिकांचं मतदान सुरूही झालेलं असताना, घटना न्यायालयानं अख्खी निवडणूक रद्द केली.

ज्यांना जॉर्जेस्कू नको होते त्यांना हायसं वाटलं. पण आपला प्रश्न इथेही लावायला हवा. माझा आवडता उमेदवार पहिला आला असता आणि गुप्त अहवालांच्या आधारे निवडणूक रद्द झाली असती, तर मी ते मान्य केलं असतं का? युरोपातल्या घटनातज्ज्ञांच्या व्हेनिस आयोगानं जानेवारी २०२५ मध्ये नेमकं याच मुद्द्यावर बोट ठेवलं: निवडणूक रद्द करायची तर केवळ गोपनीय माहितीच्या आधारे करू नये, पुरावा लोकांना तपासता आला पाहिजे. मे २०२५ मध्ये फेरनिवडणूक झाली आणि निकुशोर दान निवडून आले. जॉर्जेस्कू यांना मात्र उभंच राहू दिलं नव्हतं आणि त्यांच्या मतदारांच्या मनातली अढी गेलेली नाही.

जर्मनीनं या प्रश्नावर सर्वांत जास्त विचार केला आहे, कारण हिटलरचा पक्ष तिथे निवडणुका लढवूनच सत्तेपर्यंत पोचला होता. १९४९ च्या त्यांच्या घटनेत लोकशाही उलथवू पाहणाऱ्या पक्षावर बंदी घालण्याची तरतूद आहे. पण तो निर्णय सरकारला घेता येत नाही, फक्त घटना न्यायालय घेऊ शकतं. १९५० च्या दशकात अशा दोन बंदी घातल्या गेल्या. २०१७ मध्ये मात्र न्यायालयानं एका अतिउजव्या पक्षाचे हेतू घटनाविरोधी असल्याचं सांगूनही बंदी नाकारली, कारण ते हेतू तडीस नेण्याइतकी त्याची ताकदच नव्हती. हत्यार हातात असूनही ते किती जपून काढायचं, याचा हा नमुना आहे.

## हरणाऱ्याचंही काम असतं

जिंकणाऱ्याच्या संयमाबद्दल इतकं लिहिलं, पण लोकशाही शेवटी हरणाऱ्याच्या होकारावर चालते. २००० मध्ये अमेरिकेत अल गोर फ्लोरिडात ५३७ मतांनी मागे पडले, सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ४ अशा निकालानं फेरमोजणी थांबवली आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी हार मान्य केली. निकाल पटलेला नाही, पण स्वीकारतो, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. उपराष्ट्राध्यक्ष या नात्यानं पुढे ६ जानेवारी २००१ रोजी आपल्याच पराभवाच्या मोजणीचं अध्यक्षपद त्यांनी भूषवलं. बरोबर वीस वर्षांनी त्याच तारखेला, त्याच मोजणीच्या वेळी संसदेवर जमाव चालून गेला.

सेनेगलमध्ये २०२४ साली अध्यक्ष माकी साल यांनी निवडणूक पुढे ढकलली, घटना परिषदेनं तो निर्णय रद्द केला आणि साल यांनी ते मानलं. दहाच दिवसांपूर्वी तुरुंगातून सुटलेले बासिरू जोमाय फाय २४ मार्चला जिंकले आणि सत्ताधारी उमेदवारानं दुसऱ्याच दिवशी त्यांचं अभिनंदन केलं.

त्याच वर्षी जुलैमध्ये व्हेनेझुएलात निवडणूक आयोगानं निकोलस मादुरो जिंकल्याचं जाहीर केलं, पण केंद्रवार आकडे दिलेच नाहीत. तिथलं प्रत्येक मतदान यंत्र शेवटी निकालाची चिठ्ठी छापतं आणि तिची प्रत पक्षांच्या प्रतिनिधींना मिळते. विरोधकांच्या कार्यकर्त्यांनी ऐंशी टक्क्यांहून अधिक यंत्रांच्या या चिठ्ठ्या गोळा करून सर्वांसाठी खुल्या केल्या. त्यांनुसार विरोधी उमेदवार मोठ्या फरकानं पुढे होता. म्हणून प्रत्येक हरणाऱ्याला ‘मुकाट्यानं मान्य करा’ असं सांगता येत नाही. ज्याच्याकडे पुरावा आहे त्यानं तो मांडायलाच हवा. गोर यांनीही आधी न्यायालयात दाद मागितलीच होती. अनीती सुरू होते ती पुरावा न देता, सगळी दारं ठोठावून झाल्यावरही, चोरी झाल्याचा धोशा लावण्यात.

## आणि मतदार?

सगळा दोष नेत्यांवर टाकून आपल्याला मोकळं होता येत नाही. येल विद्यापीठाच्या मॅथ्यू ग्रॅहम आणि मिलान स्वोलिक यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकी मतदारांना काल्पनिक उमेदवारांमधून निवड करायला सांगितली होती. त्यांच्या निष्कर्षानुसार, प्रत्यक्ष निवडणुकीसारख्या स्थितीत, लोकशाहीचे नियम मोडणाऱ्या आपल्या पसंतीच्या उमेदवाराला केवळ त्या कारणासाठी नाकारणारे मतदार ३.५ टक्के निघतात. लोकशाही हवी का, असं विचारलं तर जवळजवळ सगळे हो म्हणतात. आपलाच पक्ष ती मोडत असेल, तर बहुतेकांना कर, नोकऱ्या, धर्म, जात, वंश यांपैकी काहीतरी जास्त महत्त्वाचं वाटतं.

तरीही कधीकधी माणसं वेगळी वागतात. ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री दक्षिण कोरियाचे अध्यक्ष युन सुक येओल यांनी अचानक लष्करी कायदा पुकारला. सैनिक संसदेत घुसत होते आणि खासदार कुंपणावरून उड्या मारून आत येत होते. लष्करी कायदा उठवायला ३०० च्या सभागृहात बहुमत हवं होतं. मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास १९० जण सभागृहात पोचले आणि सगळ्यांनी तो उठवण्याच्या बाजूनं मत दिलं. त्यांतले १८ जण अध्यक्षांच्या स्वतःच्या पक्षाचे होते. एप्रिल २०२५ मध्ये घटना न्यायालयाच्या आठही न्यायाधीशांनी एकमतानं युन यांना पदावरून दूर केलं.

त्या पक्षाच्या उरलेल्या बहुतेक खासदारांनी मात्र त्या रात्री सभागृहात पाऊल टाकलं नव्हतं. आणि जून २०२५ मध्ये नव्या अध्यक्षासाठी मतदान झालं तेव्हा विरोधी पक्षाचे ली जे-म्युंग ४९ टक्के मतं घेऊन जिंकले, पण युन यांच्या पक्षाच्या उमेदवारालाही ४१ टक्के मतदारांनी पसंती दिली. त्यातल्या प्रत्येकाला लष्करी राजवट हवी होती असं नाही. विरोधी उमेदवाराची भीती, जुनी निष्ठा, घरातलं वळण, अशी कितीतरी कारणं असतील. कारणं खरीच असतात. ग्रॅहम आणि स्वोलिक यांच्या अभ्यासातल्या ९६ टक्क्यांपाशीही ती होतीच.